रणदिवेचा दुसरा दिवस

ताकसांडे साहेबांना शिफारस केल्याशिवाय राहवत नसे. वर्ध्याच्या बाजारात तुम्ही संत्री निवडत असलात की मागून आवाज यायचा, "त्या ढिगातले नोका घेऊ बाई, पलीकडच्या बाईचे घ्या." न्हावी कोणता, शिंपी कोणता, नागपूरला जायला सकाळची गाडी बरी की एसटी, आणि एसटीत उन्हाची बाजू कोणती, हे सगळं ते न विचारता सांगत. वर्ध्याला लागूनच्या सिंदी मेघेत आमच्या शेजारी राहायला आले आणि आल्या आठवड्यात त्यांनी मला माझ्याच गल्लीतला दूधवाला सुचवला. मी त्या गल्लीत लग्न होऊन आलेली, आणि हे कालचे आलेले! मला असा राग आला म्हणता! बरं, दूध लावून पाहिलं तर सायसुद्धा बोटभर येते. त्याचा आणखीनच राग आला.

शिफारस करून झाली की एक वाक्य ठरलेलं असायचं. "घेऊन पाहा. नाई आवडलं त मले शिव्या द्या."

ते टेलिफोन खात्यात इंजिनिअर होते. त्या काळी फोनसाठी नंबर लावून माणसं वर्षानुवर्षं बसायची, त्यामुळे त्यांच्या दारात सारखी वर्दळ. माणूस यायचा फोनचं विचारायला आणि जायचा पुस्तकाचं नाव घेऊन. उंच, जरा पुढे वाकलेले, आणि दसरा झाला की अंगात बिनबाह्यांचा, गुंड्यांचा स्वेटर. आमच्या वर्ध्यात दसऱ्याला कसली आलीय थंडी! पण स्वेटर होळीपर्यंत उतरायचा नाही. विचार करताना कानाची पाळी ओढत. उजव्या कानाची पाळी त्यामुळेच लांब झाली, असं त्यांची बायको म्हणायची.

हे सगळं आठवायचं कारण माझी भाची. ती पुण्याला कम्प्युटरच्या नोकरीत आहे. परवा सांगत होती, मावशी, नाताळच्या सुट्टीत आम्ही लोक एकमेकांना गोष्टी भेट देतो. दुसऱ्या कुणाच्या पुस्तकातली माणसं घ्यायची आणि आपण त्यांचं पुढचं लिहायचं. चिठ्ठी निघेल त्याच्यासाठी लिहायचं. आणि मग आपल्याला आवडलेल्या गोष्टी सगळ्यांना सुचवायच्या. जगभर चालतं म्हणे. मी म्हटलं, अगं बाई, हे आम्ही वर्ध्यात केलंय, तू फ्रॉक घालत होतीस तेव्हा. तिला खरं वाटलं नाही. हसली. म्हणून हे लिहायला बसले, आणि बसल्यावर लक्षात आलं की यात हसण्यासारखं फार थोडं आहे.

तर झालं असं. मेन रोडच्या आतल्या गल्लीत शंकरभाऊ गुल्हान्यांचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. मागच्या खोलीत भाड्याने द्यायची पुस्तकं. त्यातली सगळ्यात जास्त हिंडणारी पुस्तकं म्हणजे फौजदार रणदिवेची. रणदिवे हा रेल्वे पोलिसातला. गाडीत खून व्हायचा, चोरी व्हायची, आणि हा पठ्ठ्या ती उलगडून घरी यायचा. घरी बायको, सुमन. तिला प्रत्येक पुस्तकात दीड-दोन पानं मिळायची, पण आम्हा बायकांना तीच दीड-दोन पानं आवडायची. शेवटच्या पुस्तकात लेखकाने काय करावं? रणदिवेला आणायला सुमन स्टेशनवर येते आणि त्याच्यावर झाडलेली गोळी तिला लागते. रणदिवे तिची छत्री हातात घेऊन फलाटावर उभा राहतो, गाडी निघून जाते, आणि खाली 'समाप्त'. त्यानंतर लेखकच वारला.

मी तेव्हा दुकानात होते, म्हणून सांगते. पुलगावजवळच्या नाचणगावचे डफरे गुरुजी दर रविवारी एसटीने पुस्तक बदलायला यायचे. त्यांनी ते पुस्तक गल्ल्यावर आपटलं. "शंकरभाऊ, याचं पुढचं द्या."

"पुढचं नाई जी. लेखक गेला."

"गेला म्हणजे? अन् हा माणूस छत्री घेऊन कवापर्यंत उभा राहीन?"

मागे पुस्तकं चाळत असलेले ताकसांडे साहेब पुढे आले. कानाची पाळी ओढली आणि म्हणाले, "गुरुजी, लेखक नाई त नाई. पुढचं आपणच लिहू. तुमी माह्यासाठी लिहा, मी तुमच्यासाठी लिहितो. दिवाळीची भेट समजा."

शंकरभाऊ हसले. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी तिथल्या तिथे एक वही विकत घेतली.

हे ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराचं. त्या वर्षी चारपाच जण होतो, दोनतीन वर्षांत दहा-बाराच्या घरात गेलो. पद्धत अशी बसली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शंकरभाऊंच्या दुकानात जमायचं. दुसऱ्या दिवशी अशासाठी, की दसऱ्याला ताकसांडे नवराबायको दीक्षाभूमीवर जायचे. प्रत्येकाने चिठ्ठीत आपलं नाव लिहायचं आणि खाली मागणं. म्हणजे मला रणदिवेचं लहानपण वाचायचंय, किंवा सुमनचं लग्न कसं जमलं ते वाचायचंय, असं. मग चिठ्ठ्या एका डब्यात टाकून उचलायच्या. कुणाची निघाली ते कुणाला सांगायचं नाही. भाऊबीजेपर्यंत गोष्ट लिहून, वर्तमानपत्राच्या कागदात बांधून, नाव न घालता शंकरभाऊंकडे द्यायची. मी एकदा साहेबांना चिडवलं, "तुम्ही कुठे दिवाळी करता हो?" तर म्हणाले, "दिवाळी आमची नाई बाई, पण सुट्टी त आमची आहे!"

आणि एक नियम त्यांनी स्वतः घातला होता. मागचं लिहा, पुढचं लिहा, रणदिवेला विलायतेला पाठवा. पण सुमनला उठवायचं नाही. "लेखकानं तिले मारलं. मलेही नाई आवडलं. पण मेलेलं माणूस परत आणलं न, त गोष्टीतले बाकी जिवंत लोक खोटे होऊन जाते," असं ते म्हणत. सुमन जिवंत हवी असेल तर जुन्या दिवसांतलं लिहा. यावर गुरुजींनी पुष्कळ वाद घातला. साहेब ऐकले नाहीत.

गोष्ट ज्याची त्याला मिळण्याआधी सगळ्या गोष्टी ते वाचून काढत. आणि तुळशीच्या लग्नाआधीच्या रविवारी त्यांच्या घरी शिफारसीचा कार्यक्रम. दुपारची वेळ, सतरंज्या अंथरलेल्या, आतून त्यांच्या बायकोच्या, प्रमिलाताईंच्या, सांभारवड्यांचा, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्यांचा, वास. साहेब स्वेटर घालून उभे राहायचे आणि यंदा कोणती गोष्ट मागून घेऊन वाचावी ते सांगायचे. 'चांगली आहे' असं कधी म्हणत नसत. म्हणत, "पूर्ण गोष्ट कुठं चांगली असते जी? एखादी जागा असते. तेवढ्यासाठी वाचायची."

डफरे गुरुजींची पहिलीच गोष्ट मला आठवते. साहेब म्हणाले, "या गोष्टीत तीन खून आहे. तिन्ही वाईट. कोणी कोणाले काऊन मारलं ते मले समजलं नाई, लिहिणाऱ्यालेही समजलं नसन. पण मधात एक हमाल येते. रणदिवे त्याले रस्ता विचारते, अन् तो डोक्यावरचं ओझं खाली न ठेवता रस्ता सांगते. मान हलवता येत नाई म्हणून डोळ्यानं दाखवते. त्या हमालासाठी वाचा. नाई आवडलं त मले शिव्या द्या."

लिहिणाऱ्याचं नाव सांगायचं नाही असं ठरलेलं. पण गुरुजींचा चेहराच असा झाला की सगळ्यांना कळलं. पुढे महिनाभर पुलगावच्या गाडीत कंडक्टरलासुद्धा ते सांगत होते म्हणे, "तो हमाल आहे न, तो माहा." ती गोष्ट आम्ही सगळ्यांनी मागून वाचली. खरंच वाईट होती. आणि हमाल खरंच चांगला होता.

साहेबांचं स्वतःचं लिखाण? कर्म माझं. त्यांच्या प्रत्येक गोष्टीत रणदिवे खुनाच्या जागी पोचायचा तर तिथला फोन बंद पडलेला. मग तो फोन दुरुस्त करायचा, त्याचं दोन पानं वर्णन, आणि दुरुस्त झाल्या झाल्या खुनी माणूस त्याच नंबरवर फोन करायचा! प्रमिलाताई आतून ओरडायच्या, "यायनं रणदिवेले लाइनमन करून ठेवलं!" साहेब सगळ्यांच्या आधी हसायचे.

प्रमिलाताई जिल्हा परिषदेत नोकरीला होत्या. ठेंगण्या, चटपटीत, बोलायला फटकळ. आमचं दोघींचं त्यामुळेच जमलं. त्याही चिठ्ठी उचलायच्या आणि दरवर्षी लिहायच्या. त्यांची गोष्ट नाव नसलं तरी ओळखू यायची, कारण तिच्यात खूनच नसे. रणदिवे घरी येतो, सुमन भाकरी टाकत असते. शेजारीण विरजण मागायला येते. नळ जातो. रणदिवे बूट न काढता खाटेवर झोपतो आणि सुमन त्याचे बूट काढावेत की झोप मोडेल म्हणून राहू द्यावेत याचा विचार करत बसते. संपली गोष्ट. मला त्या गोष्टी फार आवडत. ज्या वर्षी त्यांच्या हातची माझ्या वाट्याला आली, त्या वर्षी मी ती पुन्हा पुन्हा वाचली होती.

पण साहेबांनी बायकोच्या गोष्टीची शिफारस कधी म्हणून केली नाही. "घरची आहे. पक्षपात होईन," म्हणायचे. ताई वड्यांचं ताट आणून ठेवत आणि सगळ्यांसमोर म्हणत, "दरवर्षी मी तळू, अन् दरवर्षी माह्या गोष्टीचं नाव नाई. निदान वड्यायची त शिफारस करा!" सगळे हसायचे. मी हसायची नाही. एकदा मी साहेबांना फाटकाशी गाठून बोललेच. म्हटलं, पक्षपाताचं सोंग पुरे, तुम्हाला ती गोष्ट आवडत नाही असं सरळ सांगा. ते गडबडले. पाळी ओढत म्हणाले, "आवडत नाई असं नाई बाई. पण तिच्या गोष्टीत काई होतच नाई न. लोकायले काय सांगू? रणदिवे जेवला म्हणून सांगू?"

असं आठ-दहा वर्षं चाललं. चांगलं चाललं. मग एका पावसाळ्यात प्रमिलाताईंना कावीळ झाली. अंगावर काढली, ऑफिसला जात राहिल्या, आणि दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी गेल्या. गल्लीतली पोरं लाकडाचे बैल सजवून दारोदार निघाली होती, आणि आम्ही त्यांना सांगत होतो की बाबांनो, आज या घराकडे नका येऊ. त्यांचा मुलगा पुण्याहून आला, दहा-पंधरा दिवस राहिला, माझ्याकडे चला म्हणाला. साहेब म्हणाले, माही नोकरी आहे अजून. तो गेला.

दसऱ्याला ते एकटेच नागपूरला जाऊन आले. दुसऱ्या दिवशी दुकानात येतील असं कुणाला वाटलं नव्हतं. आले. स्वेटर होता. चिठ्ठी लिहिली, घडी घातली, डब्यात टाकली, एक उचलली आणि निघून गेले.

त्यांची चिठ्ठी निघाली नेमकी डफरे गुरुजींना. आता नियम असा की कुणाला सांगायचं नाही. पण गुरुजी तिथेच मट्कन खाली बसले. "माह्याच्यानं नाई होत जी," म्हणाले आणि चिठ्ठी सगळ्यांसमोर धरली. साहेबांचं अक्षर सुबक, तिरपं. लिहिलं होतं : 'सुमन गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी रणदिवे काय करतो? फक्त दुसरा दिवस पाहिजे.'

शंकरभाऊंनी डोळे पुसले. गुरुजींनी चिठ्ठी खिशात ठेवली आणि आम्ही आपापल्या घरी गेलो.

आणि मग आमच्या लोकांनी जे केलं ते आमचेच लोक करू जाणोत. प्रत्येकाच्या मनात आलं, आपणही साहेबांसाठी एक लिहावी. आपल्या वाटणीची तर लिहायचीच, वर ही एक जास्तीची, गुपचूप. कुणी कुणाला बोललं नाही. भाऊबीजेला शंकरभाऊंच्या टेबलावर गठ्ठे आले ते नेहमीच्या दुप्पट. मीही बसले होते लिहायला, खोटं कशाला बोलू. 'रणदिवे उठला' एवढं लिहिलं. पुढे दोन दिवस कागद समोर ठेवून बसले, काही येईना. मी शाळेतली गणिताची बाई. पहिली पायरी मांडली की दुसरी आपोआप येते एवढंच मला ठाऊक. इथे येत नव्हती. मी कागद ठेवून दिला.

त्या रविवारी साहेबांनी स्वतः सतरंज्या घातल्या होत्या. वड्या नव्हत्या. बाजारातून गोरसपाक बिस्किटांचे पुडे आणून ताटात ओतले होते, आणि कपात चहा, फार गोड. सगळे आपापल्या जागी बसले. खरं सांगते, लोक खुशीत होते. आपण साहेबांना काहीतरी दिलं, आता ते उभे राहतील आणि आपल्या गोष्टीतली एखादी जागा सांगतील, असं प्रत्येकाच्या तोंडावर होतं.

साहेब उभे राहिले.

"सगळ्यायनं लय मेहनत केली," ते म्हणाले. "माह्यासाठी एक मागतली त ढीग आला. सगळ्या वाचल्या मी. एकात सुमन मेलीच नव्हती, बेशुद्ध झालती. एकात गोळी छत्रीच्या दांडीले लागली. एकात सुमनची जुळी बहीण निघाली, मेली ती बहीण. एकात बाबाजीनं पाणी शिंपडलं. गुरुजी, तुमच्यात त रणदिवे झोपेतून उठते अन् ते सगळं सपन राह्यते." थांबले. "सगळ्यायनं तिले उठवलं."

गुरुजी म्हणाले, "साहेब, तुमाले बरं वाटावं म्हणून..."

"समजते न मले, गुरुजी. तुमच्या सगळ्यायच्या मनातलं समजते." ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते अगदी हळू बोलत होते. "पण मी हे कुठं मागतलं होतं? मी फक्त दुसरा दिवस मागतला. सकाळी उठून तो काय करते? चहा कोण ठेवते? तिच्या साड्यायचं काय करते? दूधवाला दारात येते, त त्याले किती दूध सांगते? हे कोणी लिहिलंच नाई. उठवून देणं सोपं आहे. तुमी उठवता, मी वाचतो, अन् कागद खाली ठेवला का घरात कोणीच नाई."

चहा निवून गेला.

मग त्यांनी कानाची पाळी ओढली, जुन्या सवयीने, आणि मला वाटलं आता संपलं. पण ते म्हणाले, "आज एक शिफारस करतो. पक्षपात म्हणा लागन त म्हणा. प्रमिलाची एक गोष्ट होती. सुमन माहेरी जाते अन् रणदिवे घरी एकटा राह्यते. ती परत येते, अन् घरात पाय ठेवल्या ठेवल्या भांडे पाहूनच ओळखते, का यानं एवढ्या दिवसात काय खाल्लं, काय नाई खाल्लं, कुठं बसला, कवा झोपला. तो काईच सांगत नाई, पण तिले सगळं समजते. एकटा माणूस घरात काय करते, ते सगळं होतं त्याच्यात. मी तवा नीट वाचलं नाई. भरभर पाहिलं अन् ठेवून दिलं, खून नव्हता म्हणून." त्यांनी शंकरभाऊंकडे पाहिलं. "शंकरभाऊ, ते तुमच्या चिठ्ठीवर आलती. तुमच्याजवळ असन."

शंकरभाऊ खाली बघत होते. "साहेब," ते म्हणाले, "मागच्या खोलीत वाळवी लागलती. दोन वर्षं झाले. पुस्तकं गेले, त्यात तेही गेलं."

"गेलं?"

"गेलं जी."

"बरं," साहेब म्हणाले. मग आमच्याकडे वळून, जसं काही पुस्तक त्यांच्या हातातच आहे, म्हणाले, "त ते वाचा म्हणतो मी. नाई आवडलं त..." आणि तिथे थांबले. तसेच आत निघून गेले. आम्ही थोडा वेळ बसलो, कप गोळा करून मोरीत ठेवले आणि निघालो. मला माझ्यासाठी लिहिलेली ताईंची गोष्ट आठवली, ती मी दुसऱ्या दिवशी नेऊन दिली. रणदिवे बूट घालून झोपतो ती. त्यांनी दारातच वाचली. "हे नाई," म्हणाले. "याच्यात ती घरी आहे." पण परत दिली नाही.

त्यानंतर तो प्रकार सावरला नाही. पुढच्या वर्षी चिठ्ठ्या टाकल्या, त्यांच्या चिठ्ठीत तेच मागणं. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. लोक चिठ्ठी उचलायला भिऊ लागले. साहेबांची आपल्या हाती येऊ नये असं प्रत्येकाला वाटे. एका वर्षी कोणीतरी लिहिलं की दुसऱ्या दिवशी रणदिवे ड्यूटीवर जातो आणि खुन्याला पकडतो. साहेबांनी मला सांगितलं, "हे दुपारचं आहे बाई. मी सकाळचं विचारलं." गुरुजी निवृत्त झाले, डोळ्यांनी अधू झाले, त्यांनी येणं सोडलं. शंकरभाऊंनी मागची खोली मोकळी केली आणि झेरॉक्सचं मशीन टाकलं. एका दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी डब्यात दोनच चिठ्ठ्या पडल्या, त्यांची आणि माझी. दोघांत कसली आलीय चिठ्ठी उचलायची! शंकरभाऊंनी डबा उचलून वर ठेवून दिला.

मला याचा राग येतो, आजही येतो. एवढी माणसं, एवढी वाचणारी, लिहिणारी. तीन-तीन खून लिहिले, जुळ्या बहिणी काढल्या, आणि एका माणसाची एक सकाळ आमच्यापैकी एकाच्याही हातून लिहून झाली नाही. जिला लिहिता आली असती ती गेली होती, आणि ती होती तेव्हा तिच्या गोष्टीत काही होत नाही म्हणून आम्ही सांभारवड्या खात होतो.

साहेब निवृत्त झाले. बाजारात दिसत. संत्र्यांच्या ढिगापाशी उभे असत आणि बाई देईल ती घेत, किडकी असली तरी. मी एकदा मुद्दाम विचारलं, "साहेब, कोणत्या ढिगातली घेऊ?" तर म्हणाले, "कोणतेही घ्या बाई. सारखेच आहे." शेजारी नवं बिऱ्हाड आलं, त्यांनी दूधवाला विचारला, तर यांनी मान हलवली आणि आत गेले. शेवटी मीच सांगितला.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते एका हिवाळ्यात. त्यानंतर मी बहिणीकडे अमरावतीला गेले आणि परत आले तेव्हा त्यांच्या घराला कुलूप होतं. मुलगा येऊन पुण्याला घेऊन गेला होता. तिथे ते फार दिवस काढू शकले नाहीत. कळलं तेव्हा सगळं होऊन गेलेलं होतं.

त्या सकाळी मी फिरायला निघाले होते. धुकं होतं. साहेब फाटकाशी हातात पातेलं घेऊन उभे, दूधवाल्याची वाट बघत. स्वेटरची गुंडी चुकीच्या काजात. मी थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला वाटलं हवापाण्याचं काही बोलतील.

"बाई," ते म्हणाले, "काई वाचण्यासारखं असन त सांगा न."

त्या माणसाने मला हे विचारावं! सगळ्या वर्ध्याला ज्याने काय वाचायचं ते सांगितलं त्याने. आणि मग त्यांनी विचारलं, "ते कोणी लिहिलं का मंग? रणदिवेचं?"

"नाही साहेब," मी म्हटलं. मग काय वाटलं कोण जाणे, सांगून टाकलं. "मी सुरू केली होती. त्याच वर्षी. पण जमली नाही."

त्यांचे डोळे एकदम जागे झाले. पाळी ओढली. कितीतरी दिवसांनी ओढताना पाहिली. "काय लिहिलं होतं?"

"रणदिवे उठला. एवढंच."

"मंग?"

"पुढे आलंच नाही, साहेब."

"पण उठते न तो?"

"उठतो."

ते जरासे हसले. "तिथपर्यंत त मलेही येते, बाई."

तेवढ्यात दूधवाला आला. त्यांनीच मला लावून दिलेला, आता त्याचेही केस पिकलेले. "साहेब, किती देऊ?" त्याने विचारलं. साहेबांनी पातेलं पुढे केलं. त्याने पुन्हा विचारलं. साहेब एकदा पातेल्यात बघत, एकदा माझ्याकडे बघत. शेवटी दूधवाल्याने आपल्या मनाने एक माप ओतलं आणि सायकल पुढे ढकलली. तो पुढच्या फाटकाशी पोचला तरी साहेब दोन्ही हातांनी पातेलं धरून तिथेच उभे होते. मी फिरायला गेले नाही, घरात परत आले.